परीक्षण-अहवाल (शोधनिबंधाचा)

एखादा शोधनिबंध छापण्याजोगा आहे का, याविषयी त्याच विषयातल्या जाणकाराने संपादकाला लिहून दिलेले मत म्हणजे परीक्षण-अहवाल. बोलण्यात याला ‘रेफरी रिपोर्ट’ किंवा नुसते ‘रिव्ह्यू’ म्हणतात आणि एकूण पद्धतीला समकक्ष परीक्षण किंवा पीअर रिव्ह्यू. अहवालाला मुख्यतः दोन वाचक असतात. संपादकाला निर्णय घ्यायचा असतो आणि लेखकाला दुरुस्ती करायची असते. दोघांचीही सोय पाहणारा अहवाल लिहिणे अवघड असते.

ही अडचण या प्रकाराच्या जन्मापासूनची आहे. लंडनच्या रॉयल सोसायटी या विज्ञानसंस्थेत आलेल्या निबंधांवर लेखी अहवाल मागवावेत, अशी सूचना शास्त्रज्ञ-तत्त्वज्ञ विल्यम ह्यूएल यांनी 1831 मध्ये केली. असा तपासलेला पहिला निबंध खगोलशास्त्रज्ञ जॉर्ज एअरी यांचा होता, पृथ्वी आणि शुक्र यांच्या गतीतल्या एका दीर्घकालीन फरकावरचा. परीक्षक होते स्वतः ह्यूएल आणि गणितज्ञ जॉन लबक, आणि दोघांचे लगेच बिनसले. निबंधाचे शास्त्रातले स्थान दाखवावे, असे ह्यूएल यांचे म्हणणे. लबक यांचे लक्ष गणिताच्या मांडणीतल्या उणिवांवर. खरे तर अहवालात दोन्ही लागते, फक्त क्रम ह्यूएल यांचा असावा.

म्हणून अहवालाची सुरुवात निबंधाचे म्हणणे परीक्षकाच्या शब्दांत तीन-चार वाक्यांत सांगून होते. ही औपचारिकता नव्हे. परीक्षकाचा गैरसमज झाला असेल तर लेखकाला तो इथेच कळतो, आणि संपादक त्या विषयातला नसला तरी त्याला पुढचे आक्षेप समजतात. नंतर निष्कर्षच डळमळीत करणारे आक्षेप येतात. शुद्धलेखन, आकृत्यांची नावे, सुटलेले संदर्भ शेवटी. दोन्हींची सरमिसळ झाली की लेखक स्वल्पविराम सुधारून मोकळा होतो आणि मूळ दोष तसाच राहतो.

आक्षेप नेमका हवा. ‘नमुना अपुरा आहे’ यातून लेखकाच्या हाती काही लागत नाही. ‘तक्ता 2 मध्ये एका गावातल्या 40 घरांवरून साऱ्या तालुक्याविषयी विधान केले आहे, ते त्या गावापुरते ठेवावे किंवा इतर गावांची माहिती द्यावी’ असे लिहिले की काम कळते. आपल्या विद्यापीठांत पीएच.डी.च्या प्रबंधांवरही असे अहवाल येतात, आणि ‘योग्य त्या सुधारणा करण्यात याव्यात’ हे वाक्य त्यात आले की विद्यार्थी मार्गदर्शकाचे तोंड पाहत बसतो. कोणत्या सुधारणा, कोणत्या पानावर, हे परीक्षकानेच सांगायला हवे. टीका निबंधावर असावी, लेखकावर नाही. निकालाची शिफारस (स्वीकार, किरकोळ दुरुस्ती, मोठी दुरुस्ती, नकार) बहुधा संपादकासाठीच्या वेगळ्या रकान्यात जाते. तिथे एक आणि लेखकाला दुसरे सांगणे हा अप्रामाणिकपणा आहे.

काळजीपूर्वक लिहिलेल्या अहवालाचे मोल 1936 मध्ये दिसले. गुरुत्वीय लहरी (अवकाश-काळात पसरणारे तरंग) अस्तित्वातच नाहीत, असा निष्कर्ष काढणारा निबंध आइन्स्टाइन आणि नेथन रोझेन यांनी ‘फिजिकल रिव्ह्यू’ या भौतिकशास्त्राच्या नियतकालिकाकडे धाडला. संपादक जॉन टेट यांनी तो परीक्षणाला दिला आणि चूक दाखवणारा दहा पानी अहवाल आला. आपल्याला न विचारता निबंध दुसऱ्याला दाखवला, म्हणून आइन्स्टाइन संतापले आणि त्यांनी तो परत घेतला. परीक्षक होते हॉवर्ड रॉबर्टसन. पुढे त्यांनी आइन्स्टाइनचे सहायक लिओपोल्ड इन्फेल्ड यांच्याशी बोलताना तीच गोष्ट उलगडून सांगितली, आणि 1937 मध्ये निबंध दुसरीकडे छापला गेला तेव्हा निष्कर्ष बदललेला होता. त्या लहरी 2015 मध्ये प्रत्यक्ष सापडल्या. त्यांचा वेध घेण्यासाठी हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया वेधशाळेचा प्रकल्प हाती घेतला आहे.

रॉयल सोसायटीतले अहवाल सुरुवातीला छापण्यासाठीच होते. काही वर्षांतच ते गोपनीय झाले आणि परीक्षक पडद्याआड गेले. ‘नेचर’ या विज्ञान-नियतकालिकाने तर बाहेरच्या परीक्षकांकडून तपासणी सरसकट सक्तीची केली ती 1973 मध्ये. आता दार पुन्हा उघडते आहे. जून 2025 पासून ‘नेचर’कडे येणारा नवा शोधनिबंध प्रसिद्ध झाला की परीक्षकांचे अहवाल आणि लेखकांची उत्तरेही सोबत प्रसिद्ध होतात. परीक्षकाचे नाव मात्र त्याने स्वतः ठरवले तरच उघड होते.