खास ऑप्टिकल फायबरसाठी पर्यावरणपूरक पॉलिमर कोटिंग

ऑप्टिकल फायबर म्हणजे केसाएवढी काचेची तार, जाडी साधारण १२५ मायक्रॉन, आणि तिच्यावरचा प्लास्टिकचा थर म्हणजे कोटिंग. हा थर शोभेचा नाही. उघड्या काचेला नुसतं बोट घासलं तरी बारीक चरा पडतो, हवेतली ओल त्यात शिरून तो वाढवत नेते आणि मग जरा वाकवलं की तार कट्कन तुटते. म्हणून सुमारे २००० अंशांच्या भट्टीतून तार ओढली की ती थोडी गार होताच, कशालाही टेकायच्या आत कोटिंग चढवतात.

टेलिकॉमच्या फायबरला अ‍ॅक्रिलेट या प्लास्टिकचे दोन थर असतात, आतला मऊ आणि बाहेरचा कडक, यूव्ही लाइटखाली क्षणात घट्ट होतात, पण साधारण ८५ अंशांपर्यंतच टिकतात. तेलविहिरीतल्या सेन्सरला तेवढ्यावर भागत नाही, तिथे ३०० अंशांपर्यंत टिकणारं पॉलिइमाइड हे प्लास्टिक लागतं. ते बऱ्याचदा एनएमपी नावाच्या सॉल्व्हंटमध्ये विरघळवलेलं असतं, एका वेळी अगदीच पातळ थर बसतो, त्यामुळे पुन्हा पुन्हा चढवा आणि पुन्हा पुन्हा तापवून सॉल्व्हंट उडवा असं चालतं, म्हणजे वीजही भरपूर आणि वाफाही. एनएमपी प्रजननाला घातक मानलं जातं, युरोपियन युनियनमध्ये २०२० पासून त्याच्या वापरावर निर्बंध आहेत.

खरी गोची फायबर लेसरची आहे. तिथे पंपाचा, म्हणजे लेसरला ऊर्जा पुरवणारा प्रकाश काचेतच अडकून राहायला कोटिंगचा अपवर्तनांक काचेपेक्षा बराच कमी हवा, काचेचा १.४५ तर कोटिंगचा १.३७ च्या आसपास, आणि एवढा कमी आणायला फ्लोरिनवालं अ‍ॅक्रिलेट वापरतात. हे पीएफएएसच्या, म्हणजे निसर्गात सहजी न विघटणाऱ्या फ्लोरिनयुक्त रसायनांच्या कुळातलं, ज्यावर सरसकट बंदी आणायचा प्रस्ताव युरोपातल्या ५ देशांनी २०२३ मध्ये मांडला. सिलिकोन वापरता येतं पण त्याचा आकडा १.४१ च्या आसपास, म्हणजे प्रकाश कमी कोनातूनच आत घेता येतो आणि तेवढी पॉवर हातची जाते.

पर्यावरणपूरक पर्याय म्हणून एरंडेल किंवा सोयाबीन तेलापासून अ‍ॅक्रिलेट बनवता येतं. तेलाच्या लांब साखळ्यांमुळे ते मऊ होतं, आतल्या थराला बरं. बाहेरच्या कडक थरासाठी स्टार्चपासून मिळणारं आयसोसॉर्बाइड जास्त कामाचं वाटतं. मात्र 'बायो' म्हटलं की काम झालं असं नाही, ओलाव्यात फुगणारं कोटिंग फायबरचं आयुष्यच कमी करतं, मग तार बदलण्यात सगळी बचत गेली. कोटिंग घट्ट करायला पाऱ्याच्या यूव्ही दिव्यांऐवजी एलईडी लावले तर वीज वाचते, पण एलईडीचा प्रकाश अरुंद पट्ट्यातला असल्याने फोटोइनिशिएटरही (प्रकाश पडताच घट्ट होण्याची क्रिया सुरू करणारं रसायन) त्याला जुळणारा शोधावा लागतो.

शिवाय कोटिंग सोलताही आलं पाहिजे. अ‍ॅक्रिलेट स्ट्रिपरने सर्रकन निघतं, पॉलिइमाइड मात्र दाद देत नाही, जोड देण्याआधी टोक गरम सल्फ्युरिक अ‍ॅसिडात बुडवावं नाहीतर जाळावं लागतं. सोललेलं कोटिंग वितळवून परत वापरताही येत नाही, कारण एकदा घट्ट झालं की त्याच्या साखळ्या एकमेकींना कायमच्या जोडलेल्या असतात.