पडद्यावरचं रसायनशास्त्र: कृष्णधवल टीव्हीपासून नीटच्या तयारीपर्यंत

भारतात पडद्यावरून रसायनशास्त्र शिकवायला सुरुवात झाली ती ऑक्टोबर १९६१ मध्ये, दिल्लीत. टीव्ही तेव्हा आकाशवाणीच्याच छत्राखाली होता आणि त्याला जेमतेम दोन वर्षं झाली होती. फोर्ड फाउंडेशनच्या मदतीने तिथल्या माध्यमिक शाळांसाठी पाठ प्रक्षेपित होऊ लागले. कारण सरळ होतं. शाळांमध्ये प्रयोगशाळा अपुऱ्या, उपकरणं अपुरी, विज्ञानाचे पात्र शिक्षकही अपुरे. तेव्हा एका चांगल्या शिक्षकाने स्टुडिओत शिकवावं आणि अनेक शाळांतल्या वर्गांनी ते एकाच वेळी, शाळेच्या वेळातच पाहावं, अशी ही योजना.

अडचण होती ती पडद्याची. लंबक राखाडी दिसला म्हणून भौतिकशास्त्राचं काही अडत नाही, रसायनशास्त्राचं अडतं. मोरचुदाच्या द्रावणात अमोनियाचं द्रावण थेंबथेंब टाकलं की आधी फिकट निळा अवक्षेप येतो; आणखी टाकत गेलं की तो विरघळून गडद निळंशार द्रावण होतं. कृष्णधवल पडद्यावर अवक्षेप दिसेल, विरघळतानाही दिसेल. निळा रंग मात्र शिक्षकाच्या तोंडून ऐकूनच मानायचा! आपल्याकडे रंगीत टीव्ही आला १९८२ मध्ये.

१५ ऑगस्ट १९८४ पासून विद्यापीठ अनुदान आयोगाचे महाविद्यालयीन मुलांसाठीचे कार्यक्रम दूरदर्शनवर लागू लागले. पुणे विद्यापीठातल्या माध्यम केंद्राचे कार्यक्रमही त्यात असत. पुढे २००० मध्ये ज्ञानदर्शन वाहिनी आली, २००४ मध्ये एज्युसॅट उपग्रह सुटला. पोहोच वाढली, पण कार्यक्रमाची वेळ पाळावीच लागे. लाइट गेली की त्या दिवसाचा पाठ बुडाला.

माझ्या मते खरा फरक पडला तो व्हिडिओ थांबवून मागे नेता येऊ लागला तेव्हा. आयआयटी आणि बंगळुरूच्या आयआयएससीने २००३ मध्ये एनपीटीईएल हा ऑनलाइन व्याख्यानांचा उपक्रम सुरू केला. त्यातली व्याख्यानं म्हणजे बहुतेक वेळा कॅमेऱ्यासमोर घेतलेला रीतसर तास. अमेरिकेत सलमान खान (अभिनेता नव्हे, खान अकॅडमीवाले) २००६ पासून यूट्यूबवर पाठ टाकू लागले. त्यात त्यांचा चेहरा दिसत नसे. काळा पडदा, रंगीत पेन आणि आवाज, एवढंच. ऑरगॅनिक म्हणजे कार्बनी रसायनशास्त्राला ही पद्धत चपखल बसली. पुस्तकात अभिक्रियेची यंत्रणा पूर्ण झालेली छापलेली असते. इथे इलेक्ट्रॉन कुठून कुठे गेले हे दाखवणारा वाकडा बाण कुठल्या इलेक्ट्रॉन जोडीपासून निघाला आणि कुठल्या कार्बनवर टेकला, हे डोळ्यांदेखत काढलं जातं. नाही कळलं तर दहा सेकंद मागे जायचं.

याच्या अगदी उलटी वाट इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅम विद्यापीठाने २००८ मध्ये धरली. पांढऱ्या पिंजारलेल्या केसांचे प्राध्यापक मार्टिन पोलियाकॉफ आणि चित्रण करणारे ब्रॅडी हॅरन यांनी आवर्तसारणीतल्या एकेका मूलद्रव्यावर व्हिडिओ केले. त्यात स्फोट आहेत, ज्वाळा आहेत, काचेची भांडी आहेत.

भारतात चलती झाली ती काळ्या पडद्याची. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं, डेटा स्वस्त झाला. २०२० च्या लॉकडाऊनने उरलेले वर्गही मोबाइलमध्ये नेले. आणि डोक्यावर ‘नीट’ ही वैद्यकीय प्रवेशपरीक्षा. तिथे ७२० पैकी १८० गुण रसायनशास्त्राचे. मग ‘वन शॉट’ (अख्खं प्रकरण एकाच लांब व्हिडिओत), मागच्या वर्षांचे प्रश्न आणि पाठांतराच्या क्लृप्त्या यांचंच पीक आलं. मोल कन्सेप्टची (पदार्थातले कण मोलमध्ये मोजण्याची) गणितं या पद्धतीने उत्तम शिकता येतात, त्याबद्दल तक्रार नाही. पण परीक्षानळीच्या टंचाईवर उतारा म्हणून आलेल्या माध्यमातून परीक्षानळीच हद्दपार झाली, याचं कुणाला फारसं वाईट वाटलेलं दिसत नाही.

नीटच्या २०२४ च्या अभ्यासक्रमात ‘प्रात्यक्षिक रसायनशास्त्राची तत्त्वं’ हे प्रकरण आलं: टायट्रेशन (द्रावण थेंबथेंब टाकून दुसऱ्याची तीव्रता काढणं), सॉल्ट अ‍ॅनालिसिस (क्षार ओळखणं) वगैरे. परीक्षा मात्र चार पर्यायांचीच. पोटॅशियम परमँगनेट गडद असल्यामुळे ब्युरेटमध्ये (खुणा असलेल्या, तोटीच्या काचनळीत) द्रावणाची वरची कड वाचायची, हे ब्युरेट कधीही हातात न धरता पाठ करता येतं. बारावी बोर्डाला प्रात्यक्षिकाचे ३० गुण आहेत, त्यासाठी तरी मुलं प्रयोगशाळेत जातात. जिथे प्रयोगशाळा नावापुरतीच आहे, तिथल्यांसाठी अमृता विद्यापीठ आणि मुंबईच्या सीडॅकने केलेली ओलॅब्स ही आभासी प्रयोगशाळा मराठीतही आहे. तिथे टायट्रेशन पडद्यावर का होईना, स्वतः करावं लागतं. ‘वन शॉट’च्या गर्दीत तिचं नाव मुलांना सहसा कुणी सांगत नाही.