शिकारी कुत्री आणि अँटिबायोटिक : आपल्या सीमाभागात ही सवय आली कुठून

मुधोळ म्हणा, कारवानी म्हणा नाहीतर पशमी, बेळगाव-चिकोडीपासून पार बागलकोटपर्यंत ही कुत्री पिढ्यान्‌पिढ्या पाळली जातात. मुधोळच्या घोरपडे राजांनी ती जपली, मालोजीराजेंनी जोडी पंचम जॉर्जला भेट दिली, हे सगळ्यांना पाठ आहे. पण कुत्रं आजारी पडलं किंवा डुकरानं फाडलं तर लोक काय करायचे हे कुणी सांगत नाही, आणि आज गावात जे "एक इंजेक्शन मारा, बरं होतंय" चालतं त्याचं मूळ तिथंच आहे.

आधी औषध म्हणजे हळद-तेल, कडुलिंबाचा पाला, चुना, फारच झालं तर तापलेल्या सळीचा डाग. वरवरच्या ओरखड्याला हे चालून जायचं, पण रानडुकराच्या सुळ्याची जखम वेगळीच असते, बाहेर बोटाएवढं भोक दिसतं आणि आत कातडी मासापासून सुटलेली, त्यात माती आणि केस गेलेले, वरून खपली धरली की आत पू साचत राहतो. पहिल्या महायुद्धात अलेक्झांडर फ्लेमिंग हा डॉक्टर फ्रान्समधल्या लष्करी दवाखान्यात सैनिकांच्या अशाच जखमा बघत होता. त्यानं काचेच्या नळीला आतून खाचा पाडून जखमेची नक्कल केली आणि दाखवून दिलं की अँटिसेप्टिक त्या खाचांत पोचतच नाही, जंतू तिथं जिवंत राहतात. पुढं 1928 ला त्यालाच पेनिसिलिन सापडलं आणि 1940 नंतर फ्लोरी आणि चेन या शास्त्रज्ञांनी त्याचं खरं औषध करून दाखवलं.

आपल्याकडं पिंपरीचा हिंदुस्थान अँटिबायोटिक्स कारखाना 1954 चा. तोवर मुधोळ संस्थान विलीन होऊन राजाश्रय संपला होता, कुत्री शेतकऱ्याच्या आणि धनगराच्या दारात होती. औषध आधी माणसाला, मग दुभत्या जनावराला, आणि कुत्र्याच्या वाट्याला उरलंसुरलं. म्हशीच्या कासदाहासाठी आणलेल्या बाटलीतलं ऑक्सीटेट्रासायक्लीन हे अँटिबायोटिक अंदाजानं कुत्र्याला टोचायचं ही रीत त्यातूनच पडली. आता म्हैस चारशे-पाचशे किलोची आणि मुधोळ 25 च्या आसपास, डोस अंदाजानं कसा जमणार? एकतर जास्त होतो नाहीतर भीतीपोटी इतका कमी की जंतू मरायच्या ऐवजी औषधाला सरावतात. फ्लेमिंगनं 1945 च्या नोबेल भाषणातच कमी डोसचा हा धोका सांगून ठेवला होता.

1972 च्या वन्यजीव कायद्यानंतर शिकारीवर बंधनं आली, कुत्री उसाच्या राखणीला आली. डुक्कर तिथंही येतंच, त्यामुळं जखमा काही थांबल्या नाहीत, आणि गोचिडी तर आहेतच.

गोचिडीवरून आठवलं, एर्लिकिया हा गोचिडीतून आलेल्या जंतूचा ताप 1935 ला अल्जेरियात कुत्र्यांमध्ये पहिल्यांदा नोंदला गेला, नंतर व्हिएतनाम युद्धात अमेरिकन लष्कराची कितीतरी कुत्री त्यानं गेली आणि तेव्हा कुठं जगाचं लक्ष गेलं. नाकातून रक्त, हिरड्या पांढऱ्या, पळणारं कुत्रं एकदम बसून राहतं. यावर डॉक्सीसायक्लीन हे अँटिबायोटिक चांगलं चालतं पण साधारण 28 दिवस द्यावं लागतं. आपल्याकडं तिसऱ्या दिवशी कुत्र्यानं भाकरी खाल्ली की गोळी बंद! मला याचं फार वाईट वाटतं, कारण यातली बरीच कुत्री वाचण्यासारखी असतात.

1978 च्या सुमाराला जगभर पार्वो हा कुत्र्यांच्या हगवणीचा रोग पसरला. तो व्हायरस, त्याला अँटिबायोटिक मारत नाही, डॉक्टर देतात ते आतड्यातल्या बाकीच्या जंतूंसाठी, खरा बचाव लसीचाच. पण सवय पडलेली, हगवण लागली की मेडिकलमधून गोळी आणायची. एन्रोफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक तर वाढत्या पिल्लाच्या सांध्यातली कूर्चा बिघडवू शकतं, आणि पळण्यासाठीच पैदास केलेल्या पिल्लाला तेच बिनधास्त दिलं जातं.

सरकारनं 1 मार्च 2014 पासून शेड्यूल एच-वन लागू केलं. सेफ्ट्रायक्झोनसारखं औषध विकताना मेडिकलवाल्यानं डॉक्टरचं आणि पेशंटचं नाव रजिस्टरात लिहून ते रजिस्टर तीन वर्षं ठेवायचं. मुधोळजवळ तिम्मापूरला पशुवैद्यकीय विद्यापीठाचं श्वान संशोधन केंद्रही आहे, आणि 2016 ला मुधोळची पिल्लं मेरठला लष्कराकडं गेली. लष्कराच्या कुत्र्याला वजन करून डोस आणि पुवाचं कल्चर, म्हणजे कुठला जंतू आहे याची तपासणी, मिळते. उसाच्या फडातल्या त्याच रक्ताच्या कुत्र्याला अजून म्हशीची बाटली मिळते.