बाबांची गोळी कुठल्या फॉक्सग्लोव्हची?

बाबा हृदयासाठी डिगॉक्सिन घेतात. जूनमध्ये त्यांना व्हिडिओ कॉलवर इथली, बर्मिंगहॅमची बाग दाखवत होतो. जांभळ्या फुलांचा उंच तुरा दिसताच म्हणाले, "हेच ना रे माझ्या गोळीचं झाड?" नव्हतं. गोळीचं झाड पलीकडच्या उन्हातल्या वाफ्यात होतं आणि त्याच्याकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नव्हतं.

जांभळं ते डिजिटॅलिस पर्प्युरिया, म्हणजे नेहमीचं फॉक्सग्लोव्ह. ब्रिटनमध्ये रानात, कुंपणांच्या कडेला आपोआप उगवतं. तिळाचं फूल पाहिलं असेल तर निम्मी ओळख झालीच. तशीच खाली झुकलेली लांबट घंटा, फक्त बरीच मोठी आणि आत गडद ठिपके. माणसाएवढ्या दांड्यावर सगळी फुलं एकाच बाजूला तोंड करून असतात. दुसरं डिजिटॅलिस लॅनाटा, म्हणजे लोकरी फॉक्सग्लोव्ह, मूळचं बाल्कन-हंगेरीकडचं. उंची कमरेपर्यंत. फुलं दांड्याच्या चहूबाजूंनी, लहान, मळकट पांढरी, आत तपकिरी जाळी. खालचा ओठ जीभ काढल्यासारखा पुढे आलेला.

खरा घोळ पहिल्या वर्षी होतो, कारण तेव्हा दोघांचाही जमिनीलगत पानांचा नुसता झुबका असतो. पर्प्युरियाचं पान रुंद, सुरकुतलेलं, मऊ लवेचं. लॅनाटाचं अरुंद, जवळजवळ गुळगुळीत. मग नावातली लोकर कुठे? ती फुलांच्या दांड्यावर, दुसऱ्या वर्षी. हे कळेपर्यंत मी वर्षभर बियाणेवाल्याला शिव्या घालत होतो.

बाबांची चूक तशी इतिहासाला धरूनच आहे. इथल्याच विल्यम विदरिंग या डॉक्टरांनी 1785 मध्ये जे पुस्तक लिहिलं, ते अंगावर सूज चढलेल्या रोग्यांना पर्प्युरियाचं पान देण्याबद्दलच होतं. डिगॉक्सिन मात्र 1930 मध्ये लॅनाटाच्या पानांतून वेगळं काढलं गेलं. पर्प्युरियातलं मुख्य द्रव्य डिजिटॉक्सिन; ते शरीरातून निम्मं उतरायला आठवडाभर लागतो. डिगॉक्सिनला, मूत्रपिंडं ठीक असतील तर, दीड-दोन दिवस. मात्रा जास्त झाली तर हा फरक फार मोठा.

दोन्हींचं बी धुळीसारखं बारीक. मातीवर नुसतं भुरभुरायचं, झाकायचं नाही; उगवायला उजेड लागतो. पर्प्युरियाला अर्धी सावली आणि पालापाचोळ्याची माती, लॅनाटाला ऊन आणि चांगला निचरा. फुलून झाल्यावर झाड बहुधा मरतं, म्हणून लागोपाठ दोन वर्षं पेरावं. पर्प्युरियाची पांढरीच फुलं हवी असतील तर देठावर जांभळी झाक असलेली रोपं आधीच उपटावी. पुण्याच्या गच्चीत मात्र या दोन्हींच्या नादी लागू नये. फुलायला त्यांना कडक हिवाळा लागतो. हौसच असेल तर पहिल्याच वर्षी फुलणारी 'कॅमलॉट' जात बघावी.

"मग दोन पानं चहात टाकली तर?" बाबांनी विचारलंच. त्यांच्या गोळीत 250 मायक्रोग्रॅम औषध असतं, मोजून. पानात किती, ते झाडागणिक, महिन्यागणिक बदलतं आणि दोन्ही झाडं मुळापासून बीपर्यंत विषारी. आईनं फोन हातातून काढून घेतला.