ऑस्टिओपॅथी उपचार

ऑस्टिओपॅथी म्हणजे सांधे, स्नायू आणि त्यांच्याभोवतीची आवरणे यांवर हातांनी केले जाणारे उपचार. कंबर धरणे, मान आखडणे, पाठीत उसण भरणे, खांदा अवघडणे, मानेतून डोक्यात चढणारी डोकेदुखी अशा तक्रारी घेऊन लोक या उपचारांकडे वळतात. दुखण्याने जेरीस आलेला माणूस कुणाच्याही हाती पाठ सोपवायला तयार होतो. म्हणूनच पहिल्या भेटीत काय घडते, गुण किती येऊ शकतो आणि कुठे थांबायचे, हे त्याला आधी ठाऊक असायला हवे.

अमेरिकेतील अँड्र्यू टेलर स्टिल (१८२८–१९१७) यांनी १८७४ मध्ये ही पद्धत मांडली. त्यापूर्वी दहा वर्षे, १८६४ मध्ये, त्यांच्या घरातली तीन मुले मेंदूच्या आवरणाच्या दाहाने दगावली होती आणि त्या काळच्या औषधांवरचा त्यांचा विश्वास उडाला होता. शरीराची रचना नीट असेल तर ते स्वतःला सावरते, या धारणेवर त्यांनी १८९२ मध्ये मिसूरी राज्यातील कर्क्सव्हिल येथे पहिले विद्यालय काढले. त्यांचे शिष्य जॉन मार्टिन लिटलजॉन यांनी १९१७ मध्ये लंडनला शाळा उभी केली. पुढे दोन्ही देशांच्या वाटा वेगळ्या झाल्या, आणि हा फरक रुग्णाने लक्षात ठेवावा असा आहे. अमेरिकेत ऑस्टिओपॅथीची पदवी घेतलेली व्यक्ती पूर्ण डॉक्टर असते. ती औषधे लिहून देते, शस्त्रक्रियाही करते, आणि हातांचे उपचार त्यांतले अनेकजण क्वचितच करतात. ब्रिटन, फ्रान्स, ऑस्ट्रेलिया या देशांत ऑस्टिओपॅथ फक्त हातांनी उपचार करतो. ब्रिटनमध्ये १९९३ च्या कायद्याने जनरल ऑस्टिओपॅथिक कौन्सिल स्थापन झाली; तिच्याकडे नोंदणी न करता स्वतःला ऑस्टिओपॅथ म्हणवणे तिथे गुन्हा आहे. जिथे असा कायदा नाही तिथे पाटी कुणीही लावू शकतो. तेव्हा शिक्षण कुठे आणि किती वर्षे झाले, हे विचारण्यात संकोच नको. जागतिक आरोग्य संघटनेने या शिक्षणाचे किमान निकष २०१० मध्ये प्रसिद्ध केले आहेत.

पहिली भेट बहुधा पाऊण ते एक तासाची असते आणि तिचा बराच भाग बोलण्यात जातो. दुखणे कधी सुरू झाले, वजन उचलताना की झोपेतून उठताना. बसल्यावर वाढते की चालल्यावर. कळ पायात उतरते का, मुंग्या येतात का. झोप लागते का. रक्त पातळ करणारी गोळी, हाडांचा ठिसूळपणा, गर्भारपण, पूर्वी झालेला कर्करोग, जुना अपघात या गोष्टी कुणी विचारल्या नाहीत तरी सांगाव्यात, कारण कोणते तंत्र टाळायचे ते त्यांवर ठरते. प्रश्नांना कंटाळू नये. दोन मिनिटांत विचारपूस उरकून पाठीवर हात टाकणाऱ्यापेक्षा खोदून खोदून विचारणारा उपचारक केव्हाही भरवशाचा.

मग तपासणी. दुखणारा भाग दिसावा म्हणून काही कपडे उतरवावे लागतात. ते नको असेल तर तसे सांगावे, सोबत कुणी हवे असेल तर घेऊन जावे. रुग्णाला उभे राहून पुढे वाकायला सांगतात आणि उपचारक मागून मणक्यांची ओळ न्याहाळतो: कमरेचा कोणता भाग वळतो, कोणता फळीसारखा ताठ राहतो. उताणे झोपवून एकेक पाय सरळ वर उचलतात. अर्ध्या उंचीवरच मांडीमागून पोटरीपर्यंत कळ धावली तर कमरेतली नस दाबली गेल्याची शंका येते. गुडघ्याखाली रबरी हातोडीचा ठोका देऊन पाय उडतो का ते पाहतात, पायाचा अंगठा वर ताणून धरायला लावून ताकद अजमावतात. या सगळ्यावरून दुखणे आपल्या हातात बसणारे आहे की डॉक्टरकडे पाठवण्याजोगे, हे ठरते. उपचारांआधीची ही चाळणीच मला या भेटीतली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते.

यानंतर काय आढळले, काय करायचा बेत आहे, त्यात धोका कोणता आणि दुसरे पर्याय कोणते, हे उपचारकाने साध्या शब्दांत सांगायला हवे. होकार रुग्णाचा असतो आणि तो मध्येच मागेही घेता येतो. 'मानेला झटका नको' एवढे म्हटले तरी पुरते; त्याच दुखण्यावर सौम्य तंत्रे असतात.

तंत्रे बरीच आहेत. सुरुवात बहुधा आखडलेले स्नायू दाबून, ताणून सैल करण्याने होते. सांधा त्याच्या मर्यादेत हळूहळू, पुन्हा पुन्हा फिरवतात. एका तंत्रात रुग्णालाच काम असते: उपचारकाच्या हाताविरुद्ध काही सेकंद हलका जोर लावायचा, मग सोडून द्यायचा, सोडल्यावर स्नायू आणखी थोडा लांबतो. लोकांना धास्ती असते ती झटक्याची. कमरेसाठी रुग्णाला कुशीवर झोपवतात, वरचा गुडघा दुमडतात, खांदा मागे आणि कंबर पुढे अशी हलकी पीळ देतात. श्वास सोडताना एक छोटा, वेगवान दाब येतो आणि 'कट्' असा आवाज होतो. हाड जागेवर बसल्याचा तो आवाज नव्हे. सांध्यातल्या द्रवावरचा दाब एकदम उतरल्याने त्यात वायूची पोकळी तयार होते. २०१५ मध्ये बोटांच्या सांध्यांवर एमआरआयखाली हे प्रत्यक्ष टिपले गेले. तोच सांधा साधारण २० मिनिटे पुन्हा वाजत नाही. आवाज झाला नाही म्हणून उपचार वाया गेला, असेही नाही.

उपचारानंतर अंग मोकळे वाटते. त्याच रात्री किंवा दुसऱ्या दिवशी ठणकही लागू शकते. हा ठणका एक-दोन दिवसांत ओसरतो. थकवा, हलकी डोकेदुखी हेही नेहमीचे. मानेच्या झटक्यानंतर मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी फाटून पक्षाघात झाल्याच्या घटना नोंदल्या आहेत. त्या अत्यंत विरळा, पण गंभीर आहेत, आणि रुग्णाला त्या आधी सांगितल्याच पाहिजेत. फ्रान्समध्ये तर मानेच्या अशा उपचारांना डॉक्टरचे प्रमाणपत्र लागते.

गुण किती येतो? कंबरदुखीत थोडाफार उतार पडतो, आणि तो व्यायामासारख्या इतर उपायांच्या तोडीचाच असतो. फ्रान्समध्ये सुमारे ४०० रुग्णांवर झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत खऱ्या उपचाराने लुटुपुटुच्या उपचारापेक्षा किंचितच जास्त फरक पडला. ब्रिटनच्या २०१६ च्या कंबरदुखीविषयक मार्गदर्शनात हातांचे उपचार व्यायामाच्या जोडीनेच करावेत, असे म्हटले आहे. म्हणून चांगला उपचारक घरी करायचे व्यायाम शिकवतो, बसण्याउठण्याच्या सवयी पाहतो आणि हिंडतेफिरते राहायला सांगतो. पुढच्या भेटी अर्ध्या तासाच्या असतात. तीन-चार भेटींत काहीच फरक नसेल तर निदान पुन्हा तपासायला हवे. बरे वाटत असतानाही वर्षभराच्या भेटी आगाऊ विकणाऱ्यापासून दूर राहावे.

कवटीच्या हाडांवर अलगद हात ठेवून करायचा प्रकार अमेरिकी ऑस्टिओपॅथ विल्यम सदरलँड यांनी रूढ केला. दमा, कानाचा संसर्ग, तान्ह्या बाळाचे रडणे अशा कारणांसाठी तो सुचवला जातो. त्याला भक्कम पुरावा नाही, आणि आजारी बाळाला आधी बालरोगतज्ज्ञालाच दाखवावे.

काही लक्षणांत हातांचे उपचार घेऊच नयेत: ताप आणि पाठदुखी एकत्र असणे, कारण नसताना वजन घटणे, पडून राहिल्यावरही न थांबणारी रात्रीची वेदना, पडल्यानंतर सुरू झालेली तीव्र कळ. जांघेत आणि बसण्याच्या जागी बधिरपणा येणे, लघवी अडणे किंवा नकळत होणे, दोन्ही पायांतली ताकद जाणे ही मणक्याच्या तळाशी असलेल्या नसांचा जुडगा दबल्याची चिन्हे असतात. तिथे काही तासांच्या विलंबानेही कायमचे अपंगत्व येऊ शकते. अशा रुग्णाला तडक इस्पितळाच्या तातडीच्या विभागात न्यावे.