बिक्रम आणि हॉट योगा एकच नाही, टीचर व्हायचं असेल तर हे आधी बघा

गेल्या दोन महिन्यांत तीन मैत्रिणींनी मला विचारलं की अगं तू ते बिक्रम योगा शिकवायला शिकतेयस ना, मग मी पण हॉट योगाचं टीचर ट्रेनिंग करू का. तिघींनाही म्हटलं, तू जातेस तो क्लास नक्की कुठला ते आधी बघ.

बाहेरून दोन्ही सेम दिसतात, तापवलेली खोली, मॅटवर टॉवेल, आणि दहाव्या मिनिटाला कोपरावरून घाम टपकायला लागतो. पण बिक्रममध्ये सगळं ठरलेलं असतं. १०५ फॅरेनहाइट म्हणजे ४० सेल्सिअसच्या थोडं वर, ४० टक्के ह्युमिडिटी, ९० मिनिटं, २६ आसनं आणि दोन श्वासाचे प्रकार, सुरुवातीला उभ्याने प्राणायाम आणि शेवटी कपालभाती. बहुतेक आसनं दोनदा करायची, क्रम कधीच बदलत नाही, आणि आपल्या लोकांना नवल वाटतं ते हे की सूर्यनमस्कार एकसुद्धा नाही.

हॉट योगा हे मोठं नाव आहे, त्यात तापलेल्या खोलीतलं काहीही येतं. बहुतेक ठिकाणी ते हॉट विन्यास असतं, म्हणजे श्वासाच्या लयीत एका आसनातून दुसऱ्यात जायचं, उष्णता थोडी कमी, बॅकग्राउंडला म्युझिक, सूर्यनमस्कार हा त्याचा कणा, आणि आज कुठलं आसन कशानंतर घ्यायचं हे टीचर ठरवते.

माझं माहेर नागपूरचं, मे महिन्यातला ४५ डिग्रीचा उन्हाळा अंगावर काढलाय, त्यामुळे इथे न्यू जर्सीत पहिल्या क्लासला जाताना ४० म्हणजे काय असं वाटलं होतं. पण आपलं ऊन कोरडं, इथे दमट खोलीत घाम लवकर वाळतच नाही, त्यामुळे अंग थंड व्हायला वेळ लागतो. (घामातून शरीरातली घाण निघते असं सर्रास सांगतात, ते मला पटत नाही, ते काम लिव्हर आणि किडनीचं, घाम अंग थंड करायला येतो.) बीपी, हार्टचा त्रास किंवा प्रेग्नन्सी असेल तर दोन्हींच्या आधी डॉक्टरला विचारा. आणि गरमीत स्नायू सैल वाटतात म्हणून जास्त ताणू नका, ही चूक दोन्हीकडे होते.

नावाचंही सांगते. बिक्रम चौधरी मूळचा कोलकात्याचा, 'ऑटोबायोग्राफी ऑफ अ योगी' लिहिणाऱ्या योगानंदांचे धाकटे भाऊ बिष्णू चरण घोष यांचा शिष्य, १९७० च्या दशकात अमेरिकेत आला. हा क्रम माझाच असा त्याचा दावा होता, पण २०१५ मध्ये अमेरिकेतल्या अपील कोर्टाने सांगितलं की आसनांच्या क्रमावर कॉपीराइट होत नाही. त्याच्यावर अनेक बायकांनी लैंगिक अत्याचाराचे आरोप केले, आणि २०१६ मध्ये त्याच्या माजी महिला वकिलाने केलेल्या छळाच्या केसमध्ये ज्युरीने त्याच्याविरुद्ध निकाल दिला. त्यामुळे खूप स्टुडिओंनी नाव काढून टाकलं आणि '२६ अँड २' म्हणायला लागले. मीही तेच म्हणते. सहा वर्षं या क्रमाने मला सांभाळलंय, पण त्या माणसाचं नाव तोंडात नको वाटतं.

आता टीचर व्हायचं म्हणजे काय ते बघा, खरा फरक इथेच पडतो. हॉट विन्याससाठी साधारण २०० तासांचा कोर्स असतो, योगा अलायन्स या योगा टीचर्सची नोंदणी करणाऱ्या अमेरिकन संस्थेकडे नोंदणी होते, आणि तिथे तुम्ही अॅनाटॉमी, क्रम कसा बांधायचा, समोरच्याचं चुकलं तर काय करायचं हे शिकता. २६ अँड २ मध्ये क्रम ठरलेलाच, बाकीचं असतंच, पण मुख्य काम पाठांतराचं. टीचर आसन करून दाखवत नाही, फक्त बोलते, प्रत्येक आसनाचा इंग्लिशमधला 'डायलॉग' असतो, तो जवळजवळ शब्दशः म्हणायचा. मी पोळ्या लाटताना अर्धचंद्रासन म्हणते, एक पोळी होईपर्यंत एक बाजू. नवरा कागद धरून बसतो आणि शब्द सुटला की टोकतो.

मागच्या आठवड्यात मैत्रिणीला समोर उभं करून दंडायमान जानुशिरासन घेतलं आणि मधली एक ओळ गाळली. ती एका पायावर, दोन्ही हातांनी दुसरं पाऊल धरलेलं, पुढे काय करायचं तिला कळेना, उभा पाय थरथरायला लागला आणि ती आरशातून माझ्याकडे बघत राहिली. आता ते आसन मी रोज पाच वेळा म्हणते.