पार्श्वभूमी : 'डिलीट' केलेलं पुसलं का जात नव्हतं?

कोल्हापूर जिल्ह्यात सहकारी संस्थेची जुनी सभासद यादी नव्या सॉफ्टवेअरमध्ये उतरवली की एक तक्रार हमखास येते : काढून टाकलेली नावं परत उगवली. खापर नवं सॉफ्टवेअर देणाऱ्यावर फुटतं. खरं मूळ मात्र १९८०च्या सुमारास डीबेस या याद्या सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमसाठी निवडलेल्या 'डिलीट' या एका क्रियापदात आहे.

आज्ञा इंग्रजी वाक्यासारखी असावी ही कल्पना त्याआधीची. १९५९ साली कोबोल या व्यावसायिक हिशेबांच्या प्रोग्रॅमिंग भाषेची आखणी चालू असताना हिशेब चिन्हांनी लिहावा की 'ॲड', 'मल्टिप्लाय' अशा शब्दांनी, यावर वाद झाला आणि 'कॉम्प्यूट' घालून दोन्ही पंथांची सोय लावण्यात आली. पण पतसंस्था आणि साखर कारखान्यांच्या कचेऱ्यांत बोटांना सवय लागली ती डीबेसची आणि त्याच वळणाच्या फॉक्सप्रोची. 'यूज', 'सीक', 'गो टॉप', 'रिप्लेस ऑल'. यांची पहिली चार अक्षरं टाइप केली तरी काम होई. फील्डच्या, म्हणजे रकान्याच्या, नावाला दहा अक्षरांची मर्यादा, त्यात रोमन लिपीत मराठी शब्द बसवायचा. 'रिप्लेस ऑल ऊसदर विथ' आणि पुढे आकडा, असं धेडगुजरी वाक्य प्रोग्रॅमिंग न शिकलेल्या कारकुनालाही कळायचं. कोबोलच्या लांबलचक वाक्यांना हे साधलं नाही, असं माझं मत.

'डिलीट'ने मात्र घोळ घातला. ही आज्ञा नोंद पुसत नसे. प्रत्येक नोंदीच्या सुरुवातीला एका अक्षराची जागा राखलेली असे. एरवी ती रिकामी, डिलीट केल्यावर तिथे फुली (*). कारण सरळ होतं. नोंदी ठरावीक लांबीच्या, एकीमागे एक रचलेल्या. मधली एक खरोखर काढायची तर पुढच्या सगळ्या सरकवायला हव्यात, आणि फ्लॉपीवर ते फार वेळखाऊ. म्हणून आधी खूण करायची, 'रिकॉल'ने ती मागे घेता यायची, आणि 'पॅक' दिल्यावरच फाइल नव्याने लिहून खुणेच्या नोंदी जायच्या. ('झॅप' मात्र सगळी फाइल एका फटक्यात रिकामी करी. एवढ्या घातक आज्ञेला इतका गमतीचा शब्द कुणाला सुचला कोण जाणे.)

चुकून उडवलेला सभासद परत आणता येणं ही मोठी सोय होती, हे मान्य. मग त्या आज्ञेला 'मार्क' का म्हटलं नाही? त्याहून वाईट जोडीची सेटिंग : 'सेट डिलीटेड ऑन'. वाचणाऱ्याला वाटावं, आता डिलीट केलेल्या नोंदी दिसतील. होई नेमकं उलट, त्या लपत. आणि मुळात ही सेटिंग 'ऑफ' असे, म्हणजे कुणी मुद्दाम बदलली नाही तर काढलेला सभासदही यादीत आणि बेरजेत धरला जाई. 'पॅक'साठी फाइल एकट्याच्या ताब्यात लागे. नेटवर्कवर बाकीच्यांना त्या फाइलमधून बाहेर काढल्याशिवाय ते जमत नसे. साहजिकच 'पॅक' वर्षअखेरीवर ढकलला जाई, किंवा राहूनच जाई.

१९९५ साली व्हिज्युअल फॉक्सप्रो आला. त्याने एसक्यूएल या डेटाबेसच्या सर्वमान्य भाषेचं 'डिलीट फ्रॉम' हे रूप घेतलं, पण त्यानेही फुलीच मारली. बाकीच्या एसक्यूएल डेटाबेसमध्ये तेच शब्द लिहून 'कमिट' केलं, म्हणजे बदल कायम केला, की ओळ गेली. एकच वाक्य, दोन परिणाम. पुढे २००७ साली व्हिज्युअल फॉक्सप्रोची नवी आवृत्ती निघणार नाही असं जाहीर झालं, २०१५च्या जानेवारीत अधिकृत आधारही संपला. फाइली मात्र कचेऱ्यांत राहिल्या.

गंमत म्हणजे आजचे प्रोग्रॅमर स्वतःच टेबलात 'डिलीटेड' नावाचा वेगळा रकाना ठेवतात आणि त्यात हो-नाही लिहितात. कल्पना तीच, फक्त ती उघड दिसते. जुन्या फाइलीतली फुली रकान्यांच्या बाहेर असते, त्यामुळे नुसते रकाने वाचणाऱ्या आयात-प्रोग्रॅमला ती दिसत नाही. फाइल देण्याआधी तिची प्रत ठेवून मूळ फाइलवर 'पॅक' चालवला, तर ही नावं पुढे जात नाहीत.